सुनेनं शिकवलेला केक

आई, तुझ्या सुनेनं मला केक करायला शिकवलं, हे तुला सांगायचं होतं. तू असतीस तर आधी माझ्या हातांकडे पाहिलं असतंस. वालीवच्या कारखान्यातून घरी आलो की मी सरळ स्वयंपाकघरात शिरायचो आणि तू मागे न वळताच म्हणायचीस, "ते तेलाचे हात घेऊन पिठाजवळ येऊ नको." नाताळाच्या आधीच्या आठवड्यात तर उंबऱ्याच्या आतही घ्यायची नाहीस. पहिल्या बोनसमधून मी तुला तो गोल ओव्हन आणून दिला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. आठवडाभर तू त्याच्यावर कांद्यांची टोपली ठेवलीस, आणि मग एका दुपारी मी कामावर असताना गुपचूप लावून पाहिलास. पुढे माझं लग्न झालं आणि त्या ओव्हनसमोर तुम्ही दोघी उभ्या राहू लागलात. कॉइल जळली की बदलायची, एवढंच माझं काम. कॉइलच्या वर काय शिजतं ते तुमचं तुम्ही जाणा.

तुझ्या सुनेचा उजवा हात आता थरथरतो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे हळूहळू वाढत जाणार असंही सांगितलं. चर्चमागच्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांचा क्लब आहे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सगळे चहाला जमतात, आणि चहाबरोबरचं खाणं पाळीपाळीनं एकेका घरानं करून न्यायचं, विकतचं नाही. आपल्या घराची पाळी आली की लोक वाट पाहायचे. रव्या-खोबऱ्याचा केक, आणि अंडं न खाणारे होळी भागातले दोघे-तिघे असतात त्यांच्यासाठी नानकटाई. गेल्या वर्षी तिथंच तिच्या हातून कप निसटला आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या साडीवर सगळा चहा सांडला. मैत्रीण म्हणाली, "काही नाही गं, धुतली की जाईल." पण त्यानंतर ही क्लबला गेली नाही. कधी गुडघा दुखतो, कधी पाहुणे येणार आहेत. मीही जास्त विचारलं नाही.

मग आमची पाळी आली. क्लबचं काम पाहणाऱ्या बाईंचा फोन आला. मला कमी ऐकू येतं म्हणून मी फोन मोठ्यानं लावतो, त्यामुळे तिनंही ऐकलं. "भाऊ, तुमच्याकडे आजारपण आहे, माहीत आहे आम्हाला. या वेळी बेकरीतून आणलंत तरी चालेल." किती मायेनं बोलल्या त्या. पण तुझी सून उठली आणि मागच्या दारी मोगऱ्याला पाणी घालत राहिली, सकाळी घातलेलं असूनसुद्धा. संध्याकाळी म्हणाली, "उद्या दोन नारळ आणा. आणि हातांची नखं कापा."

मी रवा मुरत घातला. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची ओढून ओव्हनजवळ बसली आणि मी परातीसमोर उभा राहिलो. लोणी आणि साखर किती वेळ फेटायची विचारलं तर म्हणते, "रंग उतरेपर्यंत." रंग म्हणजे नेमका किती, असं विचारलं. माझं आयुष्य मापं घेण्यात गेलेलं. "तुम्ही थांबू नका," ती म्हणाली, "उतरला की मी सांगेन." दंडाला गोळे आले तरी तिचा रंग काही उतरेना. तो पहिला केक मधोमध कच्चा राहिला. आम्ही दोघांनी तो चमच्यानं खाल्ला, आणि तिनं परत नारळ आणायला लावले. दुसऱ्या खेपेला नानकटाईचा मैदा चाळायचा होता. मी चाळणी घेतली, तर ती म्हणाली, "ती इकडे द्या. माझ्या हातात आपोआप हलेल." मी तसाच उभा. हसावं की नाही ते कळेना. मग तीच हसली, आणि किती दिवसांनी हसली, आई. चाळणी तिच्या हातात खरंच छान हलत होती.

रविवारी म्हणाली, मी येत नाही, तुम्ही द्या नेऊन. मी रिक्षा बोलावून डबे ठेवतोय, तर ती नवी साडी नेसून दारात. "तुम्ही केक उलटा ठेवाल," म्हणून पुढे येऊन रिक्षात बसली. हॉलमध्ये बायकांनी तिला गराडा घातला. केक कुणी केला म्हणून विचारलं तर म्हणाली, "यांनी. मी फक्त ओरडले." केक संपत आला तेव्हा चहा आला. काठोकाठ भरलेले कप. सगळे एकाएकी दुसरीकडे पाहायला लागले, कुणी छताकडे, कुणी बशीकडे. मी तिचा कप धरायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला आणि कपबशा वाटणाऱ्या त्याच मैत्रिणीला सरळ म्हणाली, "मला अर्धाच दे गं. माझा हात हलतो." इतक्या महिन्यांत हे वाक्य तिनं माझ्यासमोरही उच्चारलं नव्हतं. मैत्रिणीनं अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतला, आणि स्वतःची खुर्ची तिच्या खुर्चीला अगदी चिकटवून बसली. तेवढ्यात कोपऱ्यातून होळी भागातले एक काका म्हणाले, "मलापण अर्धाच." त्यांनी खिशातला डावा हात बाहेर काढून दाखवला. तोही थरथरत होता. हा माणूस कायम एक हात खिशात घालून का बसतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

परतताना रिक्षात तिनं एवढंच म्हटलं, "नानकटाईत साखर जास्त झाली." आता ती दर महिन्याला जाते.

हे सगळं लिहिताना मला वाटलं होतं की केकबद्दलच लिहितोय. पण परवा सकाळी मी तिच्या ब्लाउजची बटणं लावत होतो, एक बटण काही केल्या काजात जाईना, आणि मला एकदम राग आला. तिच्यावर नाही, पण समोर तीच होती. ती खिडकीकडे बघत राहिली. बाबा शेवटी अंथरुणावर होते तेव्हा तू त्यांना पेज भरवायचीस, पुसायचीस, कूस बदलायचीस. तुला कधी असा राग यायचा का? आला तर तू काय करायचीस? हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच विचारवतंय. तू इथं, या खुर्चीत बसलेली असतीस, तर मी हे विचारलं नसतं.