सुतकाच्या घरची भाकर

आट्टुकडव,
ईस्टरनंतरचा सोमवार, १६ एप्रिल १९७९

चि. सालोमी हिला,

अम्मच्चीचे पुष्कळ आशीर्वाद. जावईबापूंची खुशाली विचारली म्हणून सांग. दोन्ही मुलांच्या कपाळावर माझ्या नावाने क्रूस काढ.

तुझं पार्सल पवित्र आठवड्याच्या सुरुवातीलाच पोचलं. लोकरी शाल एक, गुडघ्याच्या तेलाच्या बाटल्या दोन, मुलांचा फोटो एक, आणि वेगळी आलेली मनिऑर्डर दीडशेची. पोस्टमनला चहा दिला, वर आठ आणे. शाल छान आहे, पण आपल्याकडे घामोळं आलेलं असताना लोकर कोण अंगावर घेणार? भिलाईत राहून इथली हवा विसरलीस की काय. घडी घालून कडुनिंबाचा पाला घालून ठेवली आहे.

सणाचा खर्च असा. तांदूळ दोन किलो, चार रुपये वीस पैसे. गूळ एक किलो, अडीच रुपये. नारळ चार, त्यातला एक खवट निघाला, तो पैली वाण्याच्या दुकानात परत नेऊन बदलून आणला. तो म्हणाला, "चेडत्ती, नारळाच्या पोटात मी शिरून बघू का?" मी म्हटलं, "पैसे घेताना शिरतोस ना माझ्या कनवटीला, तसा शीर." उडीद डाळ अर्धा किलो, सव्वादोन रुपये. दरवर्षी पाव किलोत भागतं. यंदा दुप्पट का, ते पुढे सांगते.

गाय व्यायली, कालवड झाली. मागच्या फणसाला बुंध्यापर्यंत फणस लागले आहेत. फोटोतला धाकटा इट्टी कान वाकडे करून हसतो, अगदी तुझ्या अप्पच्चनसारखा. दुसरा मुलगा, म्हणून आईच्या बापाचं नाव ठेवलंत, रीत पाळलीत. पण दोन वर्षांचा झाला आणि ज्याचं नाव लावतो त्याची माती त्याने पाहिली नाही. मीही त्याला पाहिलेलं नाही. फोटोवर हात फिरवते, काच लावायला टाकली आहे.

वर्की गेल्याचं तुला मी कळवण्याआधीच कोणीतरी कळवलेलं दिसतं. तुझं फेब्रुवारीचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. तू लिहिलंस, "त्या चर्चमधलं एक माणूस तुझ्या दारात येऊन चुकलो म्हणेल, तेव्हा मी मुलांना घेऊन येईन. आणि अम्मच्ची, त्या घरी रडायला गेलीस तर मे महिन्यात मी एकटी यायचं म्हणते आहे, तीही वाट बघू नकोस."

रडायला गेले नाही. त्याची शेवटची मिरवणूक मात्र रस्त्यावरून गेली, ती कुंपणातून दिसली. बँड होता, सोनेरी क्रूस होता, रेशमी छत्र्या होत्या. घंटा इतका वेळ वाजत होती की गाईने चारा सोडला. चाळीस वर्षं चर्चचा विश्वस्त, त्याला हे सगळं मिळणारच. मी उभी राहून तुझ्या अप्पच्चनची चटईत गुंडाळलेली मूठभर हाडं आठवत होते. दम्याने ती तेवढीच उरली होती. वर्कीच्या हुकमाने घंटा नाही, फादर नाही. स्मशानाच्या भिंतीलगतच्या खड्ड्यात, जिथे बुडून मेलेल्या बेवारशांना टाकतात, तिथे. गुन्हा काय, तर स्मशानाजवळची झोपडी तिथे राहणाऱ्या पौलोच्या बापजाद्यांची आहे, चर्चची नाही, असं कोर्टात साक्षीला उभं राहून सांगितलं. वर्की घरी येऊन म्हणाला होता, "इट्टूप, पौलो तुझा कोण लागतो? चर्च तुझी आई आहे." त्यावर हे म्हणाले, "आईच्याच पुस्तकावर हात ठेवायला लावतात रे तिथे. आता काय करू?"

हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण मी विसरले असं तुला वाटू नये.

त्या वर्षीचा पवित्र गुरुवारही तुला आठवत असेल. सुतकाच्या घरात वल्हांडणाची तांदूळ-उडदाची भाकर उकडत नाहीत, शेजारपाजारचं कोणीतरी क्रूस लावलेली भाकर आणि गुळाचं दूध घेऊन येतं. तू दहावीत होतीस. केळीचं पान पुसून मांडलंस, मेणबत्ती लावलीस आणि दाराकडे तोंड करून बसलीस. मेणबत्ती विझली तशी तूच ते पान उचलून गाईला घातलंस. त्यानंतर तू चर्चची पायरी चढली नाहीस. मी चढत राहिले. चर्च काही वर्कीच्या बापाने बांधलेलं नाही, आणि देवाला भेटायला मी वर्कीची परवानगी का घेऊ? पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी गप्प व्हायचे. ओठ मिटून घ्यायचे, पुढची ओळ सुरू झाली की परत सगळ्यांत मिसळायचे. शेजारी उभ्या असणाऱ्या मरियमलासुद्धा कधी कळलं नाही. देवाला कळत असणार. खोटं बोलण्यापेक्षा गप्प बरं, असा माझा हिशोब होता.

झावळ्यांच्या रविवारी त्याच मरियमने पायरीवर मला कोपराने ढोसलं. म्हणाली, "ऐकलंस का? वर्कीच्या त्रेस्याकडे यंदा भाकर न्यायला कोणी नाही. वर्कीच्या भावांचा वाटणीवरून अबोला. शेजारी म्हणतात, आम्ही नेली तर भाऊ डूख धरतील. मुलगे दोघं कुवेतला. बस म्हणावं आता मेणबत्तीकडे बघत."

मला बरं वाटलं, सालोमी. तुझ्याशी खोटं का बोलू? घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. तांदूळ भिजत घालतानाही बरं वाटत होतं. मग पाणी काढून दारासमोरून जाताना तू त्या रात्री बसली होतीस ती जागा दिसली. वाटलं, आपल्या घरात जे झालं ते वाईट होतं ना? मग ते त्रेस्याच्या घरात झालं तर चांगलं कसं होईल?

म्हणून उडीद दुप्पट.

गुरुवारी दोन भाकरी उकडल्या. दोन्हींवर झावळीचा क्रूस लावला. एक घरी झाकून ठेवली, दुसरी टोपलीत घातली, दुधाची किटली घेतली आणि दिवेलागणीला वर्कीच्या फाटकातून आत गेले.

त्रेस्या ओसरीवरच बसली होती. मला पाहून उठली नाही.

"कोण? एलिश्बा?"

"हो."

"वाट चुकलीस?"

"नाही. तुझं घर सबंध गावात सगळ्यांत मोठं आहे, चुकेल कसं."

तिने टोपलीकडे पाहिलं. येताना मी मनात एक वाक्य धरून आले होते, की ती आता म्हणेल, एलिश्बा, तुमच्यावर अन्याय झाला. एवढंच. मी त्याला काय उत्तर द्यायचं तेही जुळवलं होतं. ती म्हणाली, "भाकर मधे बसली आहे. वाफ कमी पडली."

"तुझ्याच घरची हवा लागली असेल," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण आत गेली आणि पान मांडलं. मेणबत्ती लावली. रीतीप्रमाणे भाकर पोचवणाऱ्याने परत फिरायचं असतं. मी वळले तर मागून म्हणाली, "आणि कापणार कोण? घरात पुरुष नाही. जो वयाने मोठा तो कापतो. तुझा बाप्तिस्मा माझ्याआधी दोन महिने झाला, मला आठवतंय, माझी आई सारखी सांगायची."

मी बसले. पण सुरी हातात घेण्याआधी बोलले. "त्रेस्या, एकदाच सांगते. माझ्या माणसाला भिंतीलगत पुरलं ते पाप होतं. ते बरोबर होतं म्हणून मी ही भाकर आणलेली नाही."

ती मेणबत्तीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दूध निवतंय."

बस. एवढंच. मी प्रार्थना म्हटली, क्रूस बाजूला काढला, भाकर कापली. पहिला तुकडा उचलला तेव्हा तिने रीतीप्रमाणे दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. तिचे हात इतके म्हातारे झालेले मी पाहिले नव्हते. तुकडा ठेवला. तिने तो लगेच खाल्ला नाही, ओंजळीतच धरून बसली. नंतर फाटकापर्यंत आली आणि किटली परत देताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी वाफ नीट दे." पुढच्या वर्षी तिचं सुतक संपलेलं असेल, ती स्वतःच करील. हे तिलाही माहीत आहे.

घरी येऊन मी माझी भाकर कापली. वाफ खरंच कमी पडली होती.

तू म्हणशील, मिळालं काय? ऐक. शुक्रवारी नेहमीसारखी भिंतीजवळ गेले, गवत उपटलं, जास्वंदीला पाणी घातलं. तिथे उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले आणि ती ओळ म्हणून गेल्यावर लक्षात आलं की आपण म्हटली. थांबून परत म्हटली, खात्री करून घ्यायला. जीभ अडखळली नाही. भिंत तिथेच आहे. नव्या विश्वस्तांपैकी कोणी काही बोललेलं नाही, बोलतील असंही दिसत नाही. त्यांच्याकडून ते यायला हवं, अजूनही यायला हवं. पण त्यासाठी मी दाराकडे तोंड करून बसले होते, ती आता उठले.

मी त्या घरी गेले, हे लपवून तुला बोलावता आलं असतं. तसं येणं मला नको, म्हणून सगळं लिहिलं. माझ्यासारखं तूही कर असं मी म्हणत नाही. तू तुझ्या बापाची मुलगी, तुला खोटं म्हणवणार नाही. तुझी ओळ तू सध्या गाळ. फक्त चर्चसाठी येऊ नकोस, गावासाठी येऊ नकोस. फणस उतरवायला ये. इट्टीला भिंतीजवळची जागा मी दाखवीन, आणि तिथे का, ते तू तुझ्या तोंडाने सांग. ती गोष्ट लाजेची नाही. त्याने ती लहानपणीच ऐकावी.

त्यांच्या शब्दाची वाट बघणं मी सोडलं. तुझी सोडलेली नाही. येणार की नाही, आणि येणार तर गाडी कोणत्या तारखेची, ते परतीच्या टपालाने कळव. नाही म्हणायचं असलं तरी कळव, पण पत्र येऊ दे.

इट्टूपची एलिश्बा,
तुझी अम्मच्ची