जोडकिल्ली

शनिवार, ८ नोव्हेंबर

सोमवारच्या पानावर लिहिलंय — 'गुप्त किल्ली फक्त माझ्याकडे आहे.' चूक! तिची प्रत आमच्या कक्षाच्या साहेबांकडे आहे, बंद पाकिटात. मीच दिली.

मुद्दाम लपवलं नाही. लिहिताना ध्यानातच आलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं. बाबा कुलूपवाले. केलेल्या प्रत्येक किल्लीची जोडकिल्ली दुकानातल्या खिळ्याला टांगतात. "हरवली तर गिऱ्हाईक माझ्याच नावानं खडे फोडेल." रुग्णालयाच्या तक्रार कक्षात, येणाऱ्या तक्रारी कुलूपबंद राहाव्यात म्हणून संगणकावर किल्ल्या बनवल्या, तेव्हा मीही तेच केलं. काळजी घेतली म्हणून स्वतःवर खूशही झाले!

आणि ऑपरेशन विभागातल्या सिस्टरना छातीठोकपणे सांगितलं — तुमची तक्रार माझ्याशिवाय कुणी वाचू शकणार नाही.

"तुमचे साहेबही नाही?"

"साहेबही नाही."

त्या येत्या शुक्रवारी तक्रार पाठवणार आहेत.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज हे आकड्यांचं कुलूप वहीत हातानं करून पाहिलं. कुणीतरी सांगितलं म्हणून खरं मानायला मन तयार होत नाही.

छोटे आकडे घेतले. उघडी किल्ली — ३ आणि ३३. ही सगळ्या जगाला दाखवायची, भिंतीवर चिकटवायची. निरोप — ५. पाच तीनदा घेऊन गुणला, १२५. त्यातून ३३ जितक्या वेळा निघतात तितके काढले. उरले २६. झालं कुलूप! आता २६ पाहून कोण म्हणेल की आत ५ आहे?

गुप्त किल्ली ७. म्हणजे २६ सातदा घेऊन गुणायचा, दर वेळी ३३ काढून टाकायचे. २६, १६, २०, २५, २३, ४... कुठे चुकलं की काय? शेवटचा गुणाकार — चार गुणिले सव्वीस, १०४. नव्याण्णव गेले.

५!

तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तो पाच आपल्या पायांनी घरी परत!

३३ म्हणजे ३ गुणिले ११, हे ज्याला ठाऊक तोच तो ७ शोधू शकतो. इथे कुणीही शोधेल. पण खऱ्या किल्लीतली संख्या सहाशेवर आकड्यांची. दोन संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण त्या दोन कोणत्या हे उलटं शोधायला जगातले संगणक जन्मभर लावले तरी पुरणार नाहीत. आणि कुलूप लावलं की लावणाऱ्यालाही ते उघडत नाही! सिस्टरना स्वतःचंच पत्र परत वाचता येणार नाही.

एवढं मोठं काही माझ्या टेबलावर आहे. घरात शाळेत गेलेली मी पहिली. आई वहीवरून नुसता हात फिरवत राहिली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाबांना समजावलं.

"म्हणजे कुलपं गावभर फुकट वाटायची?"

"हो."

"आणि किल्ली एकालाच?"

"हो, बाबा."

"मग माझं दुकान बसलंच की, बाई!" खूप हसले. मग कानस खाली ठेवली. "पण ज्यानं हे शोधलं, तो खरा कारागीर. त्याच्या किल्लीची जोडकिल्ली कुठे टांगतात?"



दुपारी जिन्यात सिस्टर भेटल्या. हळूच म्हणाल्या, "हत्यारं न उकळता वापरली, आणि नोंदवहीत रोज 'उकळली' असं लिहिलंय. खाली तपासल्याची सही तुमच्या साहेबांची. माझी नोकरी तुमच्या त्या आकड्यांवर आहे, ताई."

तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उघड्या-गुप्त किल्ल्यांची नवी जोडी बनवून भिंतीवरची किल्ली गुपचूप बदलली तर? कुणाला कळणारही नाही. पण आधी तिघांच्या तक्रारी आल्यात, त्या जुन्याच कुलपातल्या. आणि कक्षाची टपाल-पेटी साहेबांनाही दिसते. पाकीट बंद असेल तर अजून काही बिघडलेलं नाही.

आकडे खोटं बोलत नाहीत. मी बोलले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पाकीट परत मागितलं. साहेबांनी हसत दिलं — "घे, सांभाळ." चिकटवलेल्या कडेवर मी मारलेल्या सहीचे दोन तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. उघडून पुन्हा चिकटवलंय.

नवी जोडी केली. तिची प्रत नाही.

उद्या, गुरुवार १३, सकाळी पावणेसात. सिस्टरांची पाळी सुरू होण्याआधी फाटकाशी गाठून सगळं सांगायचं. मग त्या तिघांकडे.