तिच्या गुडघ्यातली फट

मी, खाली सही करणारी, शरीररचना विभागातली निवृत्त तंत्रज्ञ, बोटं कायम रंगलेली म्हणून सगळ्यांची ‘निळी बाई’, हे पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शरीर थकलंय, डोकं ठणठणीत आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक यजमानांना. त्यांच्या पश्चात भाचीला. कपाटाची कडी त्यांनी आता तरी दुरुस्त करावी. ‘उद्या करतो’ ऐकून माझे कान किटले.

२. चिमटे, रंगांच्या बाटल्या आणि भिंग माझ्या जागी आलेल्या मुलीला. भिंग मात्र कलम ४ पार पडल्यावर. बाळा, शिकवलेलं विसरू नकोस. गर्भात आधी पेशी एका जागी दाटीवाटीने जमतात, मग स्वतःभोवती चिवट गर साठवतात, ती कूर्चा. शिवणातले कच्चे टाके म्हण. हाड मागाहून येतं. आपल्या रंगात कूर्चा निळी, हाड लाल. आणि गर्भ हललाच नाही, तर सांध्यात नीट फट पडत नाही, दोन्ही टोकं चिकटून राहतात.

३. नणंदबाईंना काहीही नाही. माझी मुलगी पाचव्या महिन्यात पोटातच गेली, तेव्हा म्हणाल्या, “दुसरं होईल की! एवढं काय मनाला लावून घेतेस?” दुसरं झालं नाही. मनाला लागलेलं तसंच आहे.

४. विभागात वरच्या फळीवर, कोपऱ्यातल्या बरणीत ती आहे. अभ्यासासाठी दिली, पण रंगवली मीच. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. रोज तिच्यासमोर काम केलं, म्हणून जगले. विभागप्रमुखांनी बरणी यजमानांच्या हाती द्यावी. ग्लिसरीनमुळेच तिचं अंग काचेसारखं पारदर्शक राहून आतले रंग दिसतात; ते काढून स्पिरिट ओतण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

अहो, ती गेली तेव्हा तुम्ही माझी समजूत घालत होतात. “हललंसुद्धा नव्हतं गं ते. तुझ्या मनाचे खेळ सगळे.” तुमचा हेतू वाईट नव्हता, पण त्यानंतर मी घरात तिचं नावही काढू शकले नाही. एवढंच करा. बरणी खिडकीशी न्या, भिंग लावा, गुडघा बघा. दोन निळ्या टोकांमध्ये केसाएवढी फट आहे. हलली होती हो ती. मला लाथ मारली होती तिने.

मग आम्हां दोघींना एकत्रच निरोप द्या.

साक्षीदार : विभागातली मुलगी (सही), शेजारचे शिंपीकाका (सही)

ठिकाण : स्वयंपाकघरातलं टेबल

दिनांक : ती गेली तीच तारीख. तुम्हाला आठवत असेल.

(सही) तिची आई