एकाच मापाची माणसं

प्रिय दादास,

साष्टांग नमस्कार. (पद्धत आहे म्हणून लिहिला आहे, घातलेला नाही, याची नोंद असावी.) तू परत गेल्यापासून तुझं पत्र नाही, त्या अर्थी तब्येत उत्तम असणार. साधं पडसं झालं असतं तरी एव्हाना मला चार फोन आले असते. वहिनीची पाठ कशी आहे? अकराव्या मजल्यावरच्या तुझ्या ऑफिसची लिफ्ट सुरू झाली का, की अजून जिन्यावरच हजेरी लागते? इकडे सगळं ठीक. आत्या जेवते, झोपते, मला बोलते, म्हणजे तीही ठीकच. मी दुकानात बसते. लोक आता मला बघून डोळे पुसायचं सोडून भाव विचारायला लागलेत, त्यामुळे धंदाही ठीक म्हणायला हरकत नाही. मला आजोबांची आठवण येते. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे मधे मधे आड यायचं नाही.

दुकान माझ्याकडेच का आलं, असं वहिनीने तुला विचारल्याचं कानावर आलं. (कोणाकडून ते विचारू नकोस, आत्याने सांगू नको म्हणून सांगितलंय.) हे पत्र वहिनी वाचणारच, तेव्हा तिच्यासाठी पहिल्यापासून सांगते, तू हवं तर एवढा भाग गाळ. आजोबा बूट शिवायचे, आणि शिवलेला बूट गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतःच्या पायात घालून हिंडायचे. नवा बूट चावणारच. तो आधी आपल्याला चावून दमू दे, मग दुसऱ्याच्या पायात घालावा, एवढं एकच त्यांचं तत्त्व. पण हे तत्त्व पाळायचं तर गिऱ्हाइकाचा पाय आपल्याच मापाचा पाहिजे. दुसऱ्या कोणी तत्त्व सोडलं असतं. आजोबांनी गिऱ्हाइकं सोडली. पाय लहान निघाला की ते टेप गुंडाळायचे आणि स्थळ नाकारावं तशा आवाजात 'नाही जमायचं' म्हणायचे. चांगली चांगली माणसं त्या दुकानातून पडेल चेहऱ्याने परत गेली आहेत. शेवटी उरले ते हेडमास्तर, पोस्टमन, न्हावी, बँडमास्तर आणि असेच आणखी काही, सगळे एका मापाचे. बूटही एकाच जातीचे, तपकिरी, बिनलेसचे, कारण आजोबांना दुसरे येतच नव्हते. (येत होते असं ते म्हणायचे. केलेले कोणी पाहिलेले नाहीत.)

आता माझ्याबद्दल. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, माझे पाळण्याबाहेर दिसत होते. लहानपणापासून मी ऐकत आले, पोरीचे पाय आहेत की वल्ही, हिला कोण पदरात घेणार. आत्या तर पाहुणे आले की मला खुर्चीत बसवून पायांवर चादर टाकायची. एक आजोबाच काय ते माझ्या पायांकडे समाधानाने बघायचे. अख्ख्या घरात त्यांच्या मापाचे पाय दोघांचेच, तुझे आणि माझे. तू नोकरीला गेलास. मग त्यांनी आत्याला बोलावून सांगितलं, जिच्या पायात माझा बूट बसतो तिला दुकान. झाली वाटणी. लोकांना वारशात शेत मिळतं, घर मिळतं. मला मिळालं शिवणयंत्र, आरी, आणि जन्मभर ज्यांची लाज वाटली तेच पाय. पण एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी जाहीर केली: मी लोकांचे बूट घालून हिंडणार नाही. लाकडी साचा आहे, तेल आहे, तेवढ्यात काय मऊ व्हायचं ते होईल. बाकी ज्याचा बूट त्याचा फोड. मला काही आजोबा व्हायचं नाही.

तर मूळ हकीकत अशी. आजोबा गेल्यानंतर सगळी गिऱ्हाइकं मिळून घरी भेटायला आली, तो दिवस तुला आठवतच असेल. तू सगळ्यांच्या आधी उठलास, गाडी गाठायची होती. बाहेरचा दिवा नेमका गेलेला. दारात, जिथे आजोबा बूट काढायचे, तिथे त्यांचा जोड आत्याने तसाच ठेवला होता आणि कोणाला हात लावू देत नव्हती. त्याच्याभोवती आलेल्या सगळ्यांचे बूट. विचार कर, सगळे तपकिरी, सगळे बिनलेसचे, सगळे एकाच हातचे, आणि माप तर एकच. माणसं जड मनाने बाहेर आली, पाय पुढे केला, तो आत गेला, आणि ती घरी गेली. कोणाचाही बूट कोणालाही झाला. आजोबांच्या कामाची याहून मोठी पावती मला तरी ठाऊक नाही. पण त्या रात्री आत्याने दार लावताना मला विचारलं, अण्णांचे बूट कुठे गेले. मी बघितलं तर त्यांची जागा रिकामी, आणि कोपऱ्यात कोणाचा तरी एक झिजलेला जोड उरलेला. आणि दादा, तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं की सोल बदलायला नेलेत दुकानात. तेव्हापासून ती रोज विचारते, एका सोलला किती वेळ लागतो तुला? अण्णा संध्याकाळपर्यंत करून द्यायचे.

इकडे गावात काय झालं, तर माणसं बिघडली. हेडमास्तरांचा गुडघा धरला. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की मित्र गेल्याचं दुःख गुडघ्यात उतरलंय, आणि डॉक्टरांनी त्यावर मलम दिलं. न्हाव्याला दुकानात उभं राहिल्या राहिल्या कुठेतरी निघून जावंसं वाटायला लागलं. बँडमास्तरांचा ठेका चुकायला लागला, आणि वाजवणाऱ्यांनीही, बिचारे खचलेत, म्हणून चुकीच्या ठेक्यावर वाजवलं. (एका लग्नात वरात वेळेआधीच मांडवात पोचली म्हणे.) प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याला आजोबांचं जाणं सगळ्यांहून जास्त लागलंय, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

बिंग फोडलं ते पोस्टमनने. डबक्यात पाय पडला आणि उजव्या बुटात पाणी शिरलं. तळपायाची आग मस्तकात घेऊन तो दुकानात आला, (पाय ओला असूनही), आणि आजोबांच्या हातचा बूट गळतोच कसा म्हणून मलाच फैलावर घेतलं. बूट उलटा करून बघितला तर सोलला अंगठ्याखाली भोक, रुपयाएवढं. त्याच वेळी बँडमास्तर तिथे बसलेले, ठेका सापडत नाही म्हणून तक्रार घेऊन. त्यांनी ते भोक पाहिलं आणि जुना मित्र भेटावा तसे उठून उभे राहिले. आयुष्यभर उजव्या अंगठ्याने ताल धरून त्यांनीच ते पाडलं होतं.

मग मी सगळ्यांना दुकानात बोलावलं. सगळ्यांनी बूट मधे काढले, आमच्या दारात उरलेला जोड मी त्यात टाकला, आणि सगळे मोज्यांवर गोल करून बसले. एकेक जोड घालायचा, चार पावलं चालायचं, नाही म्हणून काढायचा. बराच वेळ ठीक चाललं होतं. मग एका जोडावर हेडमास्तर आणि न्हावी दोघांनीही हक्क सांगितला. न्हाव्याला हेडमास्तरांनी शिकवलेलं, त्यामुळे ते त्याला बेंचवर उभं करायच्या बेतात होते. म्हणाले, माझा गुडघा यातच दुखायचा थांबतो, तेव्हा हा माझा. मी बूट उचलून झटकला, तर आतून मूठभर केस पडले, काळे, पांढरे, मेंदी लावलेले. हेडमास्तरांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि जोड न्हाव्याकडे सरकवला. (अजून ते न्हाव्याला म्हणतात की अदलाबदल करायची असेल तर माझी तयारी आहे.)

थोडक्यात, ज्याचे त्याला मिळाले. आजोबांचा जोड मात्र त्यात नव्हता. एक जोड उरला, जवळजवळ नवा, लाकडासारखा कडक. त्यात पाय घालून प्रत्येकाने हाय म्हणून काढला. मी संध्याकाळी घरी गेले. आत्या दारात उभी होती, माझ्या हातांकडे बघत. मी म्हटलं, धागा संपलाय. ती आत गेली आणि पानं वाढली. असं आहे एकूण. गंमत वाटली म्हणून कळवलं, बाकी विशेष काही नाही. वहिनीला नमस्कार, पाठीला जप म्हणावं.

तुझी धाकटी (पायांनी बरोबरीची) बहीण

ता. क. उरलेला जोड कोणाचा, हे मला बघताक्षणी कळलं. आधीच लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस. आजोबांनी स्वतः न घालता दिलेला जोड एकच, तुझा. तू नोकरीला निघालास तेव्हा थांबायला तयार नव्हतास. तू तो खोक्यात ठेवलास आणि त्या दिवशी चार लोकांत बरं दिसावं म्हणून घालून आलास. परवा आत्याला फोनवर म्हणालास ना, बूट आपोआप मऊ झाले, आजोबांचा आशीर्वाद. आशीर्वाद नव्हे दादा, आजोबांचे बूट. खाली बघ.

आणखी ता. क. कुरिअरने पाठवू नकोस, पार्सल आत्या फोडते. पायात घालूनच ये, आणि दारात त्यांच्या जागेवर काढ. सोल जुनाच आहे हे तिला पहिल्या नजरेत कळेल. तरी ती काही म्हणायची नाही, ती फक्त जागा बघेल. मला आता नवीन थाप सुचत नाही, आणि तिची ती दारातली नजर मला बघवत नाही.

शेवटचं. परत जाताना तुला अनवाणी पाठवता येणार नाही, म्हणून तुझा जोड सध्या मी घालून हिंडते. दुधाला, बाजारात, दुकानात. (वर जे काही जाहीर केलंय ते गिऱ्हाइकांसाठी होतं.) करंगळीला फोड आलाय. डावा मऊ झालाय. उजवा अजून चावतो, आणि चावला की आजोबा आठवतात. तरी तू लवकर ये.