एक्केचाळीसपैकी तेरा

आबा, तुम्ही कॉम्प्युटर बघितलात तो बँकेच्या काचेपलीकडचा, तेवढाच. त्यामुळे मी आज कशावर मिरवतेय ते सांगायला जरा लांबून यावं लागेल. पण सांगणार. घरात सांगायला गेलं तर "बरं, चहा टाक" म्हणतात. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी माझं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस मला अजून दुसरं मिळालेलं नाही.

मी इस्लामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात आहे. कुठल्या गावातला कुणाचा ऊस आज तोडायचा, त्याची यादी रोज सकाळी काढायची, हे माझं काम. पूर्वी रजिस्टरं चाळण्यात अर्धा दिवस जायचा. मी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला. म्हणजे एक बटण. ते दाबलं की मुख्य कॉम्प्युटरात साठवलेल्या सगळ्या नोंदींना विचारून येतं आणि यादी आपोआप भरते. कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले. अडचण एवढीच, की ते विचारायला गेलं की पडदा पांढराफटक पडायचा, आणि मेलंय का जितं आहे काही कळायचं नाही.

आमच्याकडे एक जुने क्लार्क आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. धीर म्हणून नाही त्या माणसाला. दोन मिनिटं बघायचे, चार वेळा बटण बडवायचे आणि थेट वायर उपटायचे. "आगं, झोपलंय त्ये. उठवाय नगं व्हय?" एकदा त्यांनी कसंबसं मधेच थांबवलं आणि अर्धवट भरलेली यादी छापून भिंतीवर लावली. शेवटची दोन गावं त्यात नव्हतीच. तासाभरात दोन्ही गावं आमच्या दारात! साहेब म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर रजिस्टरं परत काढू, आणि तुम्ही आवक-जावकला बसा. लय लागलं मला ते. सहा महिने खपले होते मी त्यावर.

मग मी हुशारी केली. एक हिरवी पट्टी टाकली, सरकत जाणारी. आता आबा, एकदा प्रश्न विचारला की उत्तर किती आलं, किती राहिलं, हे आमच्या बाजूला कळतच नाही. म्हणून ती पट्टी मी आपली अंदाजानं पळवली. पहिल्याच दिवशी ती नव्व्याण्णववर जाऊन ठाण मांडून बसली. "शंभराला एक कमी, आन् त्यो एकच यीना व्हय गं?" असं म्हणत मामांनी वायर उपटली. सगळे खो खो हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तोंडावर पाणी मारताना तुमचा दवाखाना आठवला. बाकं खचाखच भरलेली, मी सातवीत, शाळा सुटल्यावर कोपऱ्यात अभ्यास करत बसलेली. तुम्ही कंपाउंडर. दर थोड्या वेळानं बाहेर येता आणि सांगता, "आत मलमपट्टी चाललीया. मग ह्या मावशी, मग तुमी." एवढ्यावर माणसं निवांत बसतात. एकदा तुम्ही आत असताना तापानं फणफणलेलं पोर घेऊन आलेल्या बाईनं मला विचारलं, किती वेळ लागेल? मी रुबाबात म्हटलं, पाच मिनिटं. डॉक्टर मागच्या दारानं केव्हाच व्हिजिटला गेले होते. बाई तासभर बसून राहिली. तुम्हाला कळलं तसं पोराला खांद्यावर घेऊन तुम्ही तिला दुसऱ्या दवाखान्यात पोचवून आलात, आणि मग माझ्याकडे वळलात. "ठावं नसलं तर ठावं न्हाई म्हन. खोटी पाच मिनिटं कुनाला दिऊ नगंस. त्येच्यावर मानसं आपला जीव टांगून बसत्यात." मारलं नाहीत. मारलं असतंत तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी काढून टाकली. सगळ्या एक्केचाळीस गावांचं एकदम विचारण्याऐवजी एकेका गावाचं विचारायला लावलं. एक गाव भरलं की पडद्याच्या खाली त्याचं नाव येतं, आणि शेजारी 'एक्केचाळीसपैकी तेरा'. टक्के नाहीत, मिनिटं नाहीत. जेवढं झालंय तेवढंच.

आता सकाळी खिडकीशी शेतकरी उभे असतात आणि मामा मोठ्यानं वाचून दाखवतात. "बावीस झाली. तुमचं गाव लांब हाय अजून, च्या पिऊन या." परवा एक म्हातारा वाकून वाकून बघत होता. त्याचं गाव आलं तसा ओरडला, "आवं, आलं की आमचं!" अख्खं ऑफिस हसलं आणि मला मात्र भरून आलं. निम्मा हंगाम सरला, वायरीला कुणी हात लावलेला नाही. तुमच्या पोरीनं केलंय हे, आबा.

आज साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "मॅडम, लय फास्ट केलंत हो तुम्ही! पूर्वी वाट बघून जीव जायचा." रजिस्टरांचा विषय संपला म्हणाले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. एकदम विचारायचं तेव्हा साडेतीन मिनिटं लागायची. एकेक गाव म्हणजे एक्केचाळीस हेलपाटे. आता पावणेपाच लागतात. घड्याळ लावून मोजलंय मी. आणि साहेबांना मी नुसतं "थँक्यू सर" म्हटलं.