स्टिअरिंगचा स्क्रू कोणी आवळला

मी, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, माझ्या कामाच्या खोलीत, स्वतःच्या हातच्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल ते वेगळं बोलले, पण त्याचा इथे संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात वाटण्या बरोबर होत्या, पण खालचं कलम चार नव्हतं.

कलम एक. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. मुलगा परगावी असतो, 'मला घर नको' म्हणतो. तरी त्याचा हिस्सा त्याला द्यावा. नको म्हणणाऱ्यालाच पुढे लागतं. मागच्या दाराची फळी पावसाळ्यात फुगते म्हणून तासू नये. ऊन पडलं की बसते.

कलम दोन. बँकेतली ठेव दोघांना सारखी. रंधे, पटाश्या, करवती आणि कामाचं टेबल, बावीस वर्षं माझ्याबरोबर राबलेल्या पॉलिशवाल्याला. समोरच्या कंत्राटदाराने मोठा रंधा मागितल्यास देऊ नये. एकदा नेला, खिळ्यावर चालवला, आणि वर 'आधीच बोथट होता' म्हणाला. शिलाई मशीन मुलीला.

कलम तीन. माझी जुनी पिकअप, कागदपत्रं आणि दोन्ही किल्ल्यांसह, माझ्या धाकट्या मेहुण्याला, म्हणजे मुलांच्या मामाला. तो गॅरेज चालवतो. मुलं म्हणतील, ज्याच्यामुळे आईचा हात गेला त्याला गाडी? म्हणून पुढचं कलम. ते दोघांना शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम चार. चौदा वर्षांपूर्वी या पिकअपचं स्टिअरिंग सैल झालं. चाक चार बोटं फिरवावं तेव्हा कुठे गाडीला कळायचं. सरळ रस्त्यावरही ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटायची. मी मेहुण्याकडे नेली. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेला, त्यामुळे हीही हौसेने बरोबर आली. त्याने हिलाच ड्रायव्हरच्या जागी बसवलं, 'ताई, चाक थोडं इकडे-तिकडे हलवत राहा' म्हणाला, आणि स्वतः गाडीखाली शिरला. बाहेर आला तो मान हलवतच. ही चहा करायला आत गेल्यावर त्याने मला सांगितलं,

"दाजी, स्टिअरिंगचा बॉक्स चांगला आहे. तो ज्या जागी बसवलाय ती चासीच, गाडीचा सांगाडाच, चिरली आहे. चाक फिरवलं की आधी बॉक्सच हलतो. वेल्डर गुरुवारी येईल. तोवर गाडी इथेच राहू द्या."

मला बुधवारी दोन कपाटं पोचवायची होती. मी शब्द दिला होता, आणि शब्दाचा मला फार माज होता. मेहुणा सुटे भाग आणायला गेला तेव्हा मी हिला 'काम झालं' सांगितलं आणि गाडी काढून घरी आणली. बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की सैलपणा जातो, एवढं मी कुठेतरी ऐकलं होतं. त्याला जागेवर धरणारा लॉकनट सोडून तो दीड फेरा आवळला. चाक घट्ट झालं. मला वाटलं, झालं काम, मेहुण्याला उगाच मोठेपणा हवा असतो.

हे करताना मला कोणी पाहिलं नाही.

कपाटं पडू नयेत म्हणून लक्ष ठेवायला ही बरोबर बसली. पहिली वीस मिनिटं गाडी झकास चालली. मग पुलाच्या अलीकडच्या वळणावर चाक वळवलं, ते तिथेच अडकलं, परत सरळ येईना. आम्ही कठड्यावर आदळलो. मला खरचटलं. हिचा उजवा हात मनगटात मोडला आणि वाकडाच जुळला. ही शिलाई करायची. त्यानंतर तिने उशांचे अभ्रे शिवले, पण कोणाच्या ब्लाउजला हात लावला नाही.

दवाखान्यात लोकांनी विचारलं, कसं झालं? माझ्या तोंडून निघालं, "मेहुण्याने काम अर्धवट सोडलं." एकदा निघालं ते निघालं. दोन दिवसांनी त्याच्या गॅरेजात गिऱ्हाइकांसमोर मी तेच ओरडून सांगितलं. तो अपघातानंतर तिथे आणून ठेवलेल्या पिकअपखाली गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि हात पुसत राहिला.

नंतर तो हिला बघायला आला, तेव्हा हिने त्याला विचारलं, "खरं का रे?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो ताई. माझ्याकडून राहून गेलं."

मी तिथेच उभा होतो.

त्याला आमच्या दाराशी यायची मी बंदी केली, ही गोष्ट हिला ठाऊक नव्हती. तिला वाटायचं, तो तोंड लपवतो. "चूक माणसाकडून होते," ती म्हणायची, "पण एकदा येऊन बसायला काय झालं होतं त्याला?" अकरा वर्षं ती हे म्हणत राहिली आणि मी पेपर वाचत राहिलो. दुसऱ्या मेकॅनिकने स्क्रू सैल करून दिला, चीर मी त्याला दाखवली नाही. पुढे गाडी गावातल्या गावात, सायकलच्या वेगाने चालवली. तीन वर्षांपूर्वी ही गेली. त्या दिवशी मेहुणा फाटकाबाहेर उभा होता. आत ये म्हणायला मला जमलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी गाडी घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याचे केस पांढरे झालेत. तो पाना घेऊन गाडीखाली शिरला.

"वर बसा दाजी. चाक हलवा. थोडंच."

मी हलवलं. खालून आवाज आला, "थांबा."

"दिसली चीर?"

"चौदा वर्षांपूर्वीच दिसली होती."

मी खाली उतरलो आणि स्क्रूचं सांगितलं. तो गाडीखालून बाहेर आला.

"माहीत आहे. लॉकनटवर पाना घसरल्याच्या ताज्या खुणा होत्या. माझा पाना घसरत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"ताईचा हात प्लास्टरमध्ये होता. केस विंचरायला, घास भरवायला तिला माणूस लागणार होतं, आणि ते तुम्ही होतात. तुमच्यावरचा विश्वास काढून घेऊन मी तिला काय देणार होतो?"

मग त्याने काम केलं. चिरीच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. वेल्डरने चीर भरली, वर जाड पट्टी बसवली. नवे बोल्ट लावले. स्क्रू शेवटी, तोही पाव फेरा, आणि चाक दोन्ही टोकांना मोकळं फिरतं का पाहूनच. रस्त्यावर नेली तर चाक दोन बोटांनी धरलं तरी पुरे. मी त्याची माफी मागितली.

"ताईला सांगितलं होतंत?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला सांगता?" आणि तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

त्याचं बरोबर आहे. चूक दीड फेऱ्याची होती. नंतरची अकरा वर्षं ती मी रोज जाणूनबुजून केली. मुलांनी मामाला जे बोल लावले ते माझ्या नावावर मांडावेत.

पुरवणी, माझ्याच हस्ताक्षरात. वरचा मजकूर साक्षीसाठी वेल्डरकडे नेला. त्याने पूर्ण वाचला आणि पेन परत दिलं. "सही करतो, पण आधी मुलांना सांगा. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं?" मी चार दिवस टाळलं. आज सकाळी मुलीला बोलावून कलम चार स्वतः वाचून दाखवलं.

 ती म्हणाली, "बाबा, शेवटी शेवटी दार वाजलं की आई विचारायची, कोण आलं. तुम्ही तिच्याजवळच असायचात."

खुंटीवरच्या किल्ल्या घेऊन ती पिकअप मामाकडे घेऊन गेली. मला चला म्हणाली नाही. सबब, कलम तीनमधील गाडी माझ्या मरणानंतर नव्हे, आजच देण्यात आली आहे असं समजावं. शिलाई मशीनबाबत बदल नाही.

दुपारी मुलाला फोनवर सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मामाचा नंबर द्या."

माझ्याकडे तो नव्हता.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

लिहून ठेवणार: सही (सुतार)
साक्षीदार एक: सही (वेल्डर)
साक्षीदार दोन: सही (डॉक्टर)
ठिकाण: राहतं घर, कामाची खोली
तारीख: चौदा मार्च, शुक्रवार, संध्याकाळ