मध्येच जाणारं नेट

आई, तू असतीस तर आधी माझ्यावरच खेकसली असतीस. गोडदेवच्या आपल्या जुन्या खोलीत फ्यूज उडाला की मी भराभरा सगळी बटणं दाबायचे, आणि तू माझा हात धरून म्हणायचीस, "एकदम सगळ्याला हात लावू नकोस गं बाई! एकेक बंद करून बघ." परवाही तशीच एकदम सगळ्याला हात लावत बसले होते. इंद्रलोकच्या या घरात मी कानाला हेडफोन लावून डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकते आणि टाइप करते, आणि दुपारी वायरलेस नेट मध्येच जातं, जरा वेळाने आपोआप येतं. राउटर हलवला, वायर बदलली, शेजाऱ्यांवरही संशय घेऊन झाला. डोकं नुसतं फिरलं होतं. शेवटी केबलवाला येऊन म्हणाला, "मॅडम, लाइन एकदम ओके है. घर में मायक्रोवेव्ह है क्या? वो चालू हुआ की सिग्नल गया. राउटर का चॅनल बदल दो, बस."

मायक्रोवेव्ह आहे. तू गेल्यावर बाबांनी एकदा गॅसवर दूध पार जाळलं, म्हणून मीच आणला. पण रोज दुपारी सारखं सारखं त्यात गरम काय होतंय? काल नेट गेलं तशी हेडफोन काढून उठले. बाबा मायक्रोवेव्हसमोर उभे होते. आत तुझा निळ्या काठाचा कप फिरतोय.

"कुणाचा चहा, बाबा?"

"तुझ्या आईचा. दळण आणायला गेलीये. गार झाला की केवढी ओरडते, माहितीये ना तुला!"

कुणाचा वाढदिवस ज्यांना कधी सांगावा लागला नाही, ते हे आपले बाबा, आई! मी म्हटलं, "येईलच ती," आणि खुर्चीत येऊन बसले. त्यानंतरही नेट पुन्हा पुन्हा गेलं. दर वेळी कळायचं, चहा गार झाला, तू अजून आलेली नाहीस. मला फार भीती वाटतेय. वाट बघून बाबा कंटाळले आणि तुला शोधायला खाली उतरले तर? या गर्दीत कुठे शोधू मी त्यांना?

चॅनल बदलणं काही अवघड नाही, पण मी बदललेला नाही. नेट गेलं की निदान बाबा घरात आहेत एवढं तरी समजतं.

आज जेवणं झाल्यापासून नेट एकदाही गेलेलं नाही. उठून स्वयंपाकघरात बघायची छाती होत नाहीये, म्हणून तुला लिहीत बसलेय.